वाचक विचारतात : रेणूचं गणित मांडून हाती काय लागतं?

मागच्या अंकात मी क्वांटम केमिस्ट्रीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या गणितातून रेणू समजून घेण्यावर, दीड पान लिहिलं आणि शेवटी सहज म्हटलं की प्रश्न असतील तर पाठवा, तर पाठवलेतच तुम्ही लोकांनी, आणि तेही असे की दोन-तीन ठिकाणी मलाच जुनी वही काढून बसावं लागलं. सगळे घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत. ज्यांनी "थोडक्यात सांगा" असं लिहिलंय त्यांची आधीच माफी मागते.

ताई, "रेणूची एनर्जी काढली" असं तुम्ही सारखं लिहिता. काढतात म्हणजे नक्की करतात काय? आणि काढून कुणाचं काय भलं होतं?

भल्याचं नंतर बघू, आधी काढतात कशी ते. १९२६ मध्ये श्रोडिंगरने इलेक्ट्रॉनसारखे कण कसे वागतात ते सांगणारं समीकरण मांडलं, पुढच्याच वर्षी हाइटलर आणि लंडन या जोडगोळीने ते हायड्रोजनच्या रेणूला लावून दोन अणू एकमेकांना धरून का राहतात ते दाखवलं, आणि १९२९ मध्ये डिरॅकने लिहून टाकलं की केमिस्ट्रीला लागणारे मूळ नियम आता सगळे कळलेत, अडचण एवढीच की त्यातून येणारी समीकरणं सोडवता येण्याच्या पलीकडची आहेत. एवढीच म्हणे! त्या "एवढीच"वर शंभर वर्षं होत आली लोकांची पोटं चालू आहेत, माझंही.

पाण्याचा रेणू घ्या. १० इलेक्ट्रॉन. प्रत्येकाला ३ दिशा, म्हणजे ३० आकड्यांवर अवलंबून असलेलं एक फंक्शन शोधायचं, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकीच्या ९ जणांना चुकवत फिरतोय, त्यामुळे एकाचा हिशोब दुसऱ्याला सोडून लागत नाही. मग आपण चलाख्या करतो. पहिली चलाखी अशी की केंद्रकं जड, इलेक्ट्रॉन हलके, म्हणून केंद्रकं जागच्या जागी उभी धरायची आणि फक्त इलेक्ट्रॉनचं गणित करायचं. मग केंद्रकं जराशी सरकवायची, परत गणित. परत सरकवायची, परत गणित. असं करत डोंगरदऱ्यांचा एक नकाशा तयार होतो, त्यातली दरी म्हणजे टिकणारा रेणू आणि दोन दऱ्यांमधली खिंड म्हणजे रिअ‍ॅक्शनची वाट. खिंड जितकी उंच तितकी रिअ‍ॅक्शन रडतखडत.

आता खरी गोम. पाण्याच्या रेणूची एकूण एनर्जी येते साधारण उणे ७६.४ हार्ट्री (आमचं एनर्जी मोजायचं एकक), म्हणजे मोलमागे उणे ४८ हजार किलोकॅलरीच्या आसपास. हार्ट्री-फॉक नावाची जी सोपी पद्धत आहे, जिच्यात प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकीच्यांची नुसती सरासरी दिसते, ती उणे ७६.०७ पर्यंत पोचवते. म्हणजे ९९.५ टक्के बरोबर, परीक्षेत एवढे पडले तर घरचे नाचतील. पण राहिलेला अर्धा टक्का म्हणजे २३० किलोकॅलरी, आणि पाण्याचे दोन्ही ओ-एच बॉन्ड तोडायला जी एनर्जी लागते तीही साधारण तेवढीच! हत्तीला दोनदा काट्यावर चढवून पाठीवरच्या माशीचं वजन काढायचं, तसला प्रकार आहे हा. जमतं कसं, तर हत्ती दोन्ही वेळा तोच असतो म्हणून, काट्याची चूक दोन्हीकडे जवळजवळ सारखी पडते आणि वजाबाकीत उडून जाते. सगळी उडत नाही ही आमची रोजची डोकेदुखी. खोलीच्या तापमानाला खिंडीच्या उंचीत १.४ किलोकॅलरीचा फरक पडला की वेग १० पटीने बदलतो, ३ किलोकॅलरी चुकलात तर दीडशे पट.

म्हणून कुणी नुसती एनर्जी सांगितली तर मी ऐकून सोडून देते. कशाच्या मानाने किती कमी-जास्त आणि त्या फरकात चूक किती, हे सांगितलं की कान टवकारते. पुढच्या सगळ्या उत्तरांत मी हेच दळण दळणार आहे, तयारी ठेवा.

यासाठी क्वांटम कॉम्प्युटर लागत असेल ना?

नाही हो. नाव सारखं म्हणून घोळ होतो. गणित क्वांटमचं, मशीन साधंच, आपल्या टेबलावर असतं तसलं किंवा त्यातली हजारो एकत्र जोडलेली. क्वांटम कॉम्प्युटरवर रेणू सोडवायचे प्रयोग चालू आहेत, २०१४ मध्ये फोटॉनवर चालणाऱ्या एका चिपवर हीलियम हायड्राइड आयनची एनर्जी काढून दाखवली, पण त्यात इलेक्ट्रॉन २. आमच्या कामाला शेकडो लागतात. येईल तेव्हा घेऊ की.

गाइड म्हणतात बी-थ्री-एलवायपी लाव, सिनियर म्हणतो ते आता कोण वापरतं, पेपर उघडला की प्रत्येकात तिसरंच काहीतरी. वैतागलेय. कोणतं बरोबर? (एम.एस्सी. दुसरं वर्ष)

अगं, सगळेच थोडे बरोबर आणि सगळेच थोडे चूक, आणि हे मी टोलवाटोलवी म्हणून सांगत नाहीये. मुळात बी-थ्री-एलवायपी हे एक फंक्शनल, ते प्रकरण काय ते बघ. १९६४ मध्ये होहेनबर्ग आणि कोन यांनी सिद्ध केलं की रेणूच्या मूळ अवस्थेची एनर्जी काढायला ३० आकड्यांचं ते फंक्शन लागतच नाही, इलेक्ट्रॉनचा ढग कुठे दाट आणि कुठे विरळ एवढं कळलं तरी पुरे, आणि ढगाला काय, इलेक्ट्रॉन १० असोत की १० हजार, दिशा तीनच. पुढच्या वर्षी कोन आणि शॅम यांनी ते प्रत्यक्ष गणितात बसवलं. फक्त एक लोचा राहिला. ढगावरून एनर्जी काढायचं अचूक सूत्र आहे हे सिद्ध झालं, ते कसं दिसतं हे कुणालाच माहीत नाही! आजही नाही. मग प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने सूत्र, म्हणजेच फंक्शनल, बनवलं आणि त्याला नाव दिलं, त्यातलंच बी-थ्री-एलवायपी, १९९४ पासून या रूपात फिरतंय, नावातला तीन म्हणजे त्यात जुळवून घेतलेले ३ आकडे. १९९८ चं केमिस्ट्रीचं नोबेल कोन आणि जॉन पोपल यांना मिळालं, कोनला या थिअरीसाठी आणि पोपलला ही गणितं सगळ्यांच्या हातात आणून दिल्याबद्दल, त्याच्या ग्रुपचा गाउसियन प्रोग्रॅम १९७० चा.

आता हे चुकतं कुठे ते कळलं की निम्मा वैताग जाईल. पहिलं, दोन रेणू जवळ आल्यावर त्यांच्यात जी हलकीशी ओढ असते ती जुन्या फंक्शनलना दिसतच नाही. डीएनएतले बेस एकावर एक रचलेले असतात ना, ते नुसत्या बी-थ्री-एलवायपीत नीट चिकटून राहत नाहीत, दूर सरकतात. यावर ग्रिमेची डी-थ्री दुरुस्ती आहे, २०१० पासून, एक शब्द जास्त टाईप करायचा, वेळ जवळजवळ शून्य. तरी लोक विसरतात, का ते मला खरंच कळलेलं नाही. दुसरं जास्त खोल आहे. या सूत्रांमध्ये इलेक्ट्रॉन थोडासा स्वतःलाच ढकलतो. हायड्रोजनच्या रेणूचा धन आयन घे, इलेक्ट्रॉन एकच, ढकलायला दुसरा कुणी नाहीच, तरी दोन प्रोटॉन लांब नेले की साधं फंक्शनल भलतीच कमी एनर्जी सांगतं, कारण अर्धा इलेक्ट्रॉन इकडे अर्धा तिकडे असा पसरलेला त्याला फार आवडतो. लोखंड, कोबाल्ट, मँगनीज आले की हाच रोग वर येतो.

तू काय करायचंस सांगते. तुझ्या रेणूचा छोटा अवतार बनव, १०-१२ अणूंचा, ज्यात तुझा तुटणारा बॉन्ड आहे. त्यावर सीसीएसडी-टी चालव, इलेक्ट्रॉनचं एकमेकांना चुकवणं नीट धरणारी ती पद्धत महाग आहे, अणू दुप्पट झाले की वेळ १२८ पट होतो, डीएफटीत, म्हणजे वरच्या ढगाच्या पद्धतीत, तो ८ पटीच्या आसपास राहतो, पण छोट्याला परवडते. मग तीन वेगळ्या घराण्यांची फंक्शनल घे आणि बघ कोण तिच्या जवळ जातं. आणि तिघांनी दोन वाटांचा क्रमच उलटा सांगितला, एक म्हणतं डावी खिंड कमी उंच आणि दुसरं म्हणतं उजवी, तर तुझ्याकडे उत्तर नाहीये हे गाइडना जाऊन सांग. ऐकून घेतील. नाही घेतलं तर हा अंक दाखव.

बॅटरीच्या संशोधनात याचा उपयोग होतो म्हणतात. व्होल्टेज कॉम्प्युटरवर कसं काय निघतं? ते तर मीटरने मोजतात.

हा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न, कारण उत्तर इतकं सरळ आहे की पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फसवलं गेल्यासारखं वाटलं होतं. बॅटरी चालते म्हणजे लिथियम एका घरातून उठून दुसऱ्या घरात जाऊन बसतं. तर तीन गणितं करायची : लिथियम बसलेलं आयर्न फॉस्फेट, लिथियम काढलेलं आयर्न फॉस्फेट, आणि लिथियमचा धातू. पहिल्यातून बाकीची दोन वजा करायची, चिन्ह उलटवायचं, आणि प्रत्येक लिथियममागे इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये जे येईल तेच व्होल्टेज. झालं! मीटरवर हे मटेरियल ३.४५ व्होल्टच्या आसपास दाखवतं. साध्या फंक्शनलने काढलं तर ३ च्या आसपास येतं, अर्धा व्होल्ट गायब. का, तर वर सांगितलेला तोच रोग, लोखंडावर एका जागी बसायला हवा असलेला इलेक्ट्रॉन पसरून बसतो. मग त्याला जागेवर बसवायची एक दुरुस्ती आहे, हबर्ड यू म्हणतात, ती लावली की आकडा साडेतीनच्या जवळ येतो. इथे हत्ती दोन्ही वेळा तोच नव्हता, लोखंडाची अवस्था बदलली होती, म्हणून चूक उडाली नाही.

व्होल्टेज तरी सोपं. आतल्या द्रावणाचं जास्त रंजक आहे. त्यासाठीचे दोन उमेदवार, इथिलीन कार्बोनेट आणि प्रॉपिलीन कार्बोनेट, दोघांत फरक एका मिथाइलचा, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजनच्या तुकड्याचा. प्रॉपिलीनवालं खोलीच्या तापमानाला छान पातळ, इथिलीनवालं ३६ अंशाला वितळतं म्हणजे एरवी घट्ट गोळा, त्यामुळे कुणीही प्रॉपिलीनवालंच निवडेल. पण ते ग्रॅफाइटच्या, म्हणजे लिथियमच्या दुसऱ्या घराच्या, थरांत घुसून त्याच्या पापुद्र्या करून टाकतं, आणि इथिलीनवालं मात्र स्वतः तुटून ग्रॅफाइटवर एक पातळ कवच बनवतं ज्यातून लिथियम जातं आणि इलेक्ट्रॉन अडतात. लिथियम-आयन बॅटरी हजार वेळा चार्ज होते ती या कवचाच्या जिवावर. आता ते कवच इतकं पातळ आणि इतकं नाजूक की हवेत काढून बघावं तर बघेपर्यंत बदललेलं असतं, म्हणून रेणूने इलेक्ट्रॉन घेतल्यावर त्याची रिंग कुठून उघडते, पुढे दोन तुकडे भेटले तर काय बनतं, इथिलीन वायू कुठल्या पायरीला सुटतो, हे सगळं पायरीपायरीने गणितात मांडून प्रयोगात दिसलेल्या पदार्थांशी ताडून बघतात. नवीन द्रावणात घालायचे पदार्थ निवडतानाही तेच, कोण आधी इलेक्ट्रॉन घेईल याची यादी लावायची आणि वरची मोजकीच प्रयोगशाळेत न्यायची. यादीतला पहिला नंबर बहुतेक वेळा जिंकत नाही हेही सांगून ठेवते, पण खालचे बाद करण्यात यादी क्वचित चुकते.

एन्झाइममध्ये हजारो अणू असतात. १० इलेक्ट्रॉनला एवढी तारांबळ तर तिथे काय करता?

लबाडी करतो, पण मान्यताप्राप्त. एन्झाइममध्ये बॉन्ड तुटतो तो एका छोट्या खळगीत, बाकीचं प्रोटीन आजूबाजूला उभं राहून ढकलतं, धरतं, चार्ज दाखवतं. तर खळगीतल्या ५०-१०० अणूंना पूर्ण क्वांटमचं गणित आणि बाकीच्यांना स्प्रिंग आणि चेंडूंचं साधं गणित. वॉर्शेल आणि लेव्हिट यांनी १९७६ मध्ये लायसोझाइम नावाच्या एन्झाइमवर हे करून दाखवलं, आणि २०१३ चं नोबेल त्या दोघांना आणि कारप्लसला मिळालं. कटकट असते ती शिवणीवर. एखादा बॉन्ड अर्धा क्वांटमच्या हद्दीत आणि अर्धा बाहेर राहतो, तिथे एक खोटा हायड्रोजन लावून टोक बंद करावं लागतं, आणि ती शिवण चुकीच्या जागी घातली की खिंडीची उंची हवी तशी वरखाली होते. हद्द कुठवर न्यायची यावर लोक तासन्‌तास भांडतात, मी पण भांडलेय.

मोठं उदाहरण हवं तर नायट्रोजिनेज घ्या. हवेतला नायट्रोजन, ज्याचा तिहेरी बॉन्ड तोडायला मोलमागे ९४५ किलोज्यूल लागतात, त्याचा अमोनिया काही जीवाणू साध्या तापमानाला करतात आणि आपल्याला त्यासाठी कारखान्यात चारशे-पाचशे अंश आणि प्रचंड दाब लागतो. त्या एन्झाइमच्या पोटात ७ लोखंड, १ मॉलिब्डेनम आणि ९ गंधक असा एक गठ्ठा आहे. २००२ मध्ये कळलं की गठ्ठ्याच्या मधोमध एक हलका अणू बसलाय. कोण? कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, तिघेही क्ष-किरणांना जवळपास सारखेच दिसतात. बऱ्याच जणांना वाटत होतं नायट्रोजनच असणार, एन्झाइमचं कामच ते. मग तिन्ही शक्यतांसाठी क्ष-किरण उत्सर्जनाचा स्पेक्ट्रम कसा दिसेल ते गणिताने काढून मोजलेल्या स्पेक्ट्रमशेजारी ठेवलं आणि २०११ मध्ये ठरलं, कार्बन. त्याच वर्षी जास्त बारकाईने घेतलेल्या क्रिस्टलच्या चित्रानेही तेच सांगितलं. मात्र रिअ‍ॅक्शनची अख्खी वाट अजून कुणाकडे नाही, कारण त्या ७ लोखंडांचे सुटे इलेक्ट्रॉन कुणी वर तोंड करून कुणी खाली, आणि त्यांच्या जुळण्या इतक्या की डीएफटी तिथे गोंधळते.

औषधांबद्दलही दोघांनी विचारलंय, त्यांच्यासाठी एक छोटी गोष्ट. कार्बन-हायड्रोजन बॉन्डमध्ये हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, त्याचाच जड भाऊ, बसवला तर इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने काहीच बदलत नाही, नकाशा तोच, दरी तीच. पण क्वांटममध्ये अणू दरीच्या तळाला कधीच शांत बसत नाही, थोडा वर थरथरत असतो, आणि जड ड्युटेरियम जरा खाली थरथरतो, म्हणजे खिंड त्याला तेवढी उंच पडते. फरक सव्वा किलोकॅलरीच्याही आतला, तरी बॉन्ड तुटण्याचा वेग साधारण ७ पटीने मंदावू शकतो. शरीरात औषध जिथे तुटतं नेमकं तिथे ड्युटेरियम बसवलेलं ड्युटेट्राबेनाझिन नावाचं औषध २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, हंटिंग्टनच्या आजारातल्या अनिच्छेने होणाऱ्या हालचालींसाठी. ते कॉम्प्युटरने शोधलं असं मी म्हणत नाहीये, पण ते का चालतं हे या गणिताशिवाय समजत नाही.

अल्फाफोल्डने प्रोटीनचा प्रश्न सोडवला ना? मग आता हे बंद?

अल्फाफोल्ड प्रोटीनचा आकार सांगतं. त्या आकारात बॉन्ड तुटतो कसा ते नाही सांगत. पण एआय आमच्या घरात शिरलाय हे खरंच, डीएफटीची गणितं शिकवून तयार केलेली मॉडेल्स आता तेच उत्तर हजारो पट लवकर देतात, २०२५ मध्ये ओमोल२५ नावाचा साठा खुला झाला त्यात १० कोटींहून जास्त गणितं आहेत. मी स्वतः वापरते. फक्त लक्षात ठेवा, शिष्य गुरूच्या चुकाही शिकतो, वर गुरूने जे दाखवलंच नाही तिथे तो बिनधास्त थापा मारतो.

पर्यावरणात याचं काम काय? तिथे तर हवेचे, पाण्याचे नमुने घेऊन मोजणी करतात असं वाटत होतं.

मोजणी लागतेच. पण जे अजून बनवलंच नाही ते हवेत गेल्यावर काय करेल हे कसं मोजणार? फ्रीज आणि एसीतले वायू बघा. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी त्यातले तेव्हाचे वायू, सीएफसी, ओझोनला खातात हे सांगितलं, १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला, मग आले एचएफसी, ते ओझोनला निरुपद्रवी पण उष्णता धरून ठेवणारे. तर नवीन वायूला तीन प्रश्न : हवेत किती दिवस टिकणार, कुठल्या लांबीचे इन्फ्रारेड किरण खाणार, आणि तुटल्यावर मागे काय ठेवणार. तिन्हीची उत्तरं बाटलीत वायू भरायच्या आधी गणितातून बऱ्यापैकी निघतात. एचएफसी-१३४ए हवेत १४ वर्षांच्या आसपास टिकतो. त्याच्या जागी आलेल्या एचएफओ-१२३४वायएफमध्ये कार्बन-कार्बन दुहेरी बॉन्ड आहे, हवेतलं हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे ओ-एचचा सुटा तुकडा, त्यावर झडप घालतं, खिंड जवळजवळ नाहीच, म्हणून तो दोनेक आठवड्यांतच संपतो. छान ना? पण तिसरा प्रश्न राहिला. तुटून त्याचं बनतं ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, ते पावसातून पाण्यात उतरतं आणि सहजासहजी तुटत नाही. एका खिंडीची उंची कमी केली म्हणून प्रश्न सुटला असं समजणारे पुढची खिंड बघत नाहीत.

पीएफएएस, ती कायम टिकणारी रसायनं, तिथे तर हा फरकाचा खेळ फार छान दिसला. कार्बन-फ्लोरिन बॉन्ड केमिस्ट्रीतल्या सगळ्यात दणकट बॉन्डपैकी एक, त्यामुळे यांना नष्ट करायचं तर भट्टीच पेटवावी लागेल असा समज होता. २०२२ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डिक्टेलच्या ग्रुपने बॉन्डवर सरळ हल्ला न करता टोकाचा अ‍ॅसिडचा तुकडा आधी तोडला, डीएमएसओ नावाचा द्रावक आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्यात, ८० ते १२० अंशांना, आणि मग उरलेली साखळी आपणहून कोसळायला लागली! का कोसळते ते यूसीएलएच्या केन हाउक यांच्या ग्रुपने गणिताने काढलं. आधी सगळे म्हणायचे साखळी एकेक कार्बनने झिजत असणार, गणितात त्या वाटेची खिंड फार उंच निघाली आणि दोन-तीन कार्बन एकदम निखळायची वाट सोपी निघाली, आणि प्रयोगात सापडलेल्या पदार्थांशी ते जुळलं. मर्यादा आहे, सल्फॉनिक टोकाच्या पीएफएएसवर हे चालत नाही.

आकाशातल्या ढगांबद्दल एका वाक्यात : हवेत सल्फ्युरिक अ‍ॅसिडचे रेणू एकत्र येऊन कण बनतात, ज्यांच्यावर ढग धरतात, त्या रेणूंना चिकटवायला अमोनियापेक्षा डायमिथाइलअमाइन कितीतरी भारी पडतं हे गणितं सांगत होती, सर्न प्रयोगशाळेतल्या क्लाउड प्रयोगाने २०१३ मध्ये मोजून दाखवलं की अब्जात काही हजारांश भाग एवढं अमाइन असलं तरी कण हजार पटीहून जास्त वेगाने बनतात. आणि अणुकचरा. वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला जमिनीखाली १७७ टाक्यांत २१ कोटी लिटरच्या आसपास कचरा आहे, त्यातलं सीझियम, युरेनियम कशाला चिकटतं आणि कशाला नाही हे हातात घेऊन बघायची सोय नाही. तिथूनच जवळ असलेल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट लॅबने एनडब्ल्यूकेम हा प्रोग्रॅम बनवला, २०१० पासून तो ओपन सोर्स आहे. मोठ्या मशीनवर चालवायचं तर आजही बरेच जण तोच घेतात.

प्रयोग एक सांगतो आणि कॅल्क्युलेशन दुसरं, तर खरं कोण?

दहापैकी नऊ वेळा प्रयोग. दहाव्या वेळची गोष्ट मात्र आमच्या धंद्यात सगळे मिशा पिळत सांगतात. मिथिलीन, एक कार्बन दोन हायड्रोजन. १९६१ मध्ये हर्झबर्गने स्पेक्ट्रमवरून सांगितलं की तो सरळ रेषेत आहे, आणि हर्झबर्ग म्हणजे स्पेक्ट्रोस्कोपीतला शेवटचा शब्द, १९७१ चं नोबेल त्याचंच. १९७० मध्ये बेंडर आणि शेफर यांनी गणित करून सांगितलं, वाकलेला आहे, कोन १३५ अंश. त्याच वर्षी वेगळ्या प्रकारच्या प्रयोगांनीही वाकलेलाच दाखवला, आणि हर्झबर्गने आपले आकडे परत तपासून ते मान्य केलं. मला गणित जिंकल्यापेक्षा हे मान्य करणं जास्त आवडतं.

आता माझी दहातली नववी. शिकत असताना एका लोखंडाच्या रेणूला ऑक्सिजन चिकटतो किती घट्ट ते काढत होते. तीन आठवडे मशीन चाललं. उत्तर आलं तर इतकं घट्ट की तो सुटलाच नसता, आणि प्रयोगात तर सुटत होता. मी प्रयोगवाल्यांच्या नमुन्यात खोट काढायला निघाले होते, मेलसुद्धा अर्धा लिहिला होता! मग लॅबमधल्या एका दादाने इनपुट फाइल मागितली, वरून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि काही न बोलता चहा प्यायला निघून गेला. सुट्या ऑक्सिजनच्या फाइलमध्ये मी "० १" लिहिलं होतं. पहिला आकडा चार्ज, दुसरा स्पिनचा, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन किती त्यात एक मिळवून. ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉन सुटे असतात, तिथे "० ३" हवं. एका आकड्याने मी ऑक्सिजनला त्याच्या खऱ्या अवस्थेपेक्षा निदान २२ किलोकॅलरी वर नेऊन ठेवलं होतं, मग चिकटल्यावर तो खोल पडल्यासारखा दिसणारच. मशीन काही बोललं नाही, ते बिचारं दिलेलं गणित सोडवतं, शेवटी "नॉर्मल टर्मिनेशन", म्हणजे सगळं सुरळीत संपलं, असंही छापतं.

घरच्या लॅपटॉपवर करून बघता येईल का?

येईल की. रेणू काढायला अ‍ॅव्होगाड्रो, गणिताला साय-फोर किंवा पाय-एससीएफ, दोन्ही ओपन सोर्स, ऑर्का शिक्षणासाठी फुकट, आणि शेकडो अणूंचा पटकन अंदाज हवा तर एक्सटीबी. पहिल्या दिवशी पाणीच घ्या, डीएफटीने काही सेकंदांत उणे ७६.४ च्या जवळपास येतं का बघा. मग पाण्याचे दोन रेणू शेजारी ठेवून एकाच्या दुपटीपेक्षा एनर्जी किती खाली गेली ते काढा, ५ किलोकॅलरीच्या आसपास यायला हवी. ८-१० आली तर घाबरू नका, बेसिस सेट, म्हणजे इलेक्ट्रॉनचा ढग रचायला घेतलेल्या तयार तुकड्यांचा संच, छोटा घेतलाय, मोठा घ्या.

ट्रान्झिशन स्टेट सापडला वाटतंय पण निगेटिव्ह फ्रिक्वेन्सी दोन आल्यात, उणे ११४० आणि उणे ३८. सबमिशन जवळ आलंय. काय करू?

ट्रान्झिशन स्टेट म्हणजे आपली खिंडच, आणि निगेटिव्ह फ्रिक्वेन्सी म्हणजे ज्या दिशेला थरथरलं की उतार लागतो ती. खिंडीत एकच हवी, दोन म्हणजे तू खिंडीत नाहीस, अजून एका बाजूला उतार शिल्लक आहे. आधी दोन्ही हलवून बघ, अ‍ॅनिमेशन. ११४० वाल्यात तुझा प्रोटॉन एका ऑक्सिजनकडून दुसऱ्याकडे जाताना दिसला तर ती तुझी, तिला हात लावू नकोस. ३८ वाल्यात बहुतेक कुठलंतरी मिथाइल गोल फिरताना दिसेल, त्या दिशेने अणू थोडे सरकव, ग्रिड बारीक कर, आणि तिथून परत ऑप्टिमाइझ कर, रात्री लावलंस तर सकाळी होईल. तरी गेली नाही तर आउटपुट फाइल पाठव. इनपुटची पाठव आधी, तिसऱ्या ओळीसकट.